मोजणीबाई आणि शेवटची घळ

मोजणीबाईला तिच्या खऱ्या नावाने लाकूड कंपनीत कोणी हाक मारत नसे. काम तसं साधं होतं. चार काठ्यांची चौकट जंगलात जमिनीवर टाकायची आणि आत किती जातींची रोपं दिसतात ते मोजायचं. नेचा असो, गवत असो की कुठलं उपटसुंभ तण असो, प्रत्येक जात एक. हा नियम तिचाच होता. रोपांमध्ये डावं-उजवं करायचं नाही, असं तिनेच नोकरीला लागल्या लागल्या ठणकावून सांगितलं होतं.

टेकडीवर पहिली तोड झाली तेव्हा तिने तिकडे फिरकायचंच टाळलं होतं. पण वर्षभराने जाऊन पाहते तो काय, सगळीकडे हिरवंगार! जिथे चौकटीत जेमतेम पाच जाती सापडायच्या तिथे आता एकोणीस. बाई हरखलीच. भर बैठकीत म्हणाली, "तोडीनंतर विविधता वाढली आहे!" तिच्या मनावरचं ओझंच उतरलं होतं हो. झाडं पाडणाऱ्या टोळीत तिचा धाकटा भाऊ होता, आणि साहेबांच्या हातापाया पडून त्याला तिथे चिकटवलं होतं तिनेच.

मग पुढच्या वर्षी तिने जरा शांतपणे पाहिलं आणि तिच्या पायाखालची जमीन सरकली. त्या एकोणीसच्या एकोणीस जाती उनाड होत्या. रस्त्याकडेला, न्हाणीघरामागे, गोदामाच्या छपरावर, कुठेही उगवणाऱ्या. गर्द सावलीत, ओल्या पाचोळ्यात जगणाऱ्या मूळच्या पाच जातींचा मागमूस नव्हता. त्या आता फक्त न तोडलेल्या एका घळीत उरल्या होत्या, आणि नेमका त्याच घळीच्या तोडीचा हुकूम निघाला होता.

ती तडक साहेबांच्या खोलीत गेली.

"घळीत किती जाती निघाल्या, बाई?" साहेबांनी विचारलं. माणूस वाईट नव्हता, तेच तर दुखणं होतं.

"पाच."

"आणि तोडलेल्या टेकडीवर?"

"एकोणीस. पण साहेब, त्या पाच दुसरीकडे कुठेच नाहीत!"

"प्रत्येक जात एक, असं कोण म्हणालं होतं? मी तुमच्याच आकड्यावर वरून मंजुरी आणली. आता मागे कसा फिरू?"

भांडायचं तरी कोणाशी? समोर तिचंच तोंड तिच्याविरुद्ध बोलत होतं.

संध्याकाळी भाऊ क्वार्टरच्या पायरीवर तान्ह्या लेकीला थोपटत बसला होता. बाई त्याच्याजवळ टेकली. "उद्या जाऊ नकोस रे," ती म्हणाली.

"ताई, मी नाही गेलो तर दुसरा जाईल. आणि आम्हाला क्वार्टर सोडावं लागेल. हिला घेऊन कुठे जाऊ, तूच सांग." त्याने लेकीचं दुपटं सारखं केलं. मग म्हणाला, "एक करतो. तू जागा दाखव. तिथे मी एक फांदीसुद्धा पडू देणार नाही. शप्पथ."

बाईला रडूच आलं. किती भाबडा, आणि किती आपला! ती हो म्हणाली.

सकाळी टोळीबरोबर तीही घळीत उतरली. पाचही जाती दाटीने उगवल्या होत्या असा चटईएवढा तुकडा तिने दाखवला. भावाने जीव ओतून काम केलं. प्रत्येक खोडाला दोर बांधला, प्रत्येक झाड पलीकडच्या अंगाला पाडलं. एकदा मुकादमाने शिव्या हासडल्या, त्याही मुकाट गिळल्या. दुपारपर्यंत घळ उघडी झाली आणि तो तुकडा तसाच्या तसा राहिला. एक पान चुरगळलं नव्हतं.

"बघ, ताई!" भाऊ घाम पुसत हसला. "आहे की नाही तुझा भाऊ?"

तेवढ्यात ऊन घळीच्या तळापर्यंत पोचलं. जन्मात ऊन न पाहिलेली ती पानं बघता बघता माना टाकू लागली. नाजूक नेचा कडेने वळला, शेवाळावरची ओल उडाली. बाई धावत जाऊन उन्हाच्या बाजूने आड उभी राहिली. तिची सावली पडली तेवढी रोपं झाकली गेली. बाकीची उन्हातच राहिली.

"काय करतेस? चल, जेवून घे."

"नको. मी हलले की ऊन येतं रे."

भावाच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. त्याला आत्ता कळलं. करवत खाली ठेवून तो तिला खेटून उभा राहिला, त्यामुळे सावली थोडी रुंदावली.

वर मुकादमाने शिट्टी फुंकली. भावाने तिच्याकडे पाहिलं, करवत उचलली आणि मान खाली घालून चढ चढू लागला. बाई सूर्य सरकेल तशी तसूतसूने सरकत तिथेच उभी राहिली.