खोलीचा आवाज

सुनेत्रानं टेबलावर तिसरं ताट मांडलं, मग जीभ चावली आणि पाहुणीचं लक्ष जायच्या आत ते उचलून परत कपाटात ठेवलं. लक्ष गेलंच होतं. पत्रकाराच्या नजरेतून ताट कुठलं सुटायला!

पाहुणीचं नाव थोकोझानी. मलावीतल्या एका छोट्या रेडिओ स्टेशनवर ती बातम्या करायची. आफ्रिकेतले काही पत्रकार दरवर्षी महिनाभराच्या ट्रेनिंगसाठी येत आणि एका रविवारी प्रत्येकानं एकेका अमेरिकन घरी जेवायचं, असं ठरलेलं असे. त्यातलं हे फ्रीमाँटचं अमेरिकन घर पिठलं-भाकरीचं निघालं. तिच्या नवऱ्यानं, चारुदत्तनं, फार वर्षांपूर्वी हौसेनं नाव नोंदवलं होतं. परदेशी पाहुणा म्हणजे त्याच्या जुन्या किश्शांना ताजा श्रोता. यंदाही ईमेल त्याच्याच नावानं आली. तो मार्चमध्ये गेला हे सुनेत्रानं त्या लोकांना कळवलंच नव्हतं. ‘अवश्य या’ एवढंच तिनं लिहिलं आणि खाली सवयीनं दोघांची नावं घातली.

थोकोझानीनं भाकरीचा तुकडा मोडून पिठल्यात बुडवला. तिच्याकडेही मक्याच्या पिठाचं असंच काहीतरी हातानं खातात म्हणे. दोघींचं बोलणं इंग्रजीत चाललं होतं, पण ती सुनेत्राला ‘अमाई’ म्हणत होती. आईच्या वयाच्या बाईला तिकडे तसंच म्हणतात. सुनेत्राला ते ऐकायला बरं वाटलं.

तेवढ्यात फोन वाजला. बेलव्ह्यूहून सावनी.

“आई, शनिवारी एजंट पेपर्स घेऊन येतोय. मी फ्लाइट बुक करू ना? का या वेळीपण कॅन्सल?”

“पाहुणे आहेत गं. मग बोलते.”

“नेहमी मगच असतं तुझं.”

सुनेत्रानं फोन पालथा ठेवला. घर विकून लेकीकडे जायचं, हे ठरून उन्हाळा उलटला होता. कधी तिनं लिंबाच्या झाडाचं निमित्त केलं, कधी गुडघ्याचं. खरं कारण तिनं एकदाच सांगितलं आणि कानाला खडा लावला. दुपारी बाबांच्या आरामखुर्चीतून श्वास ऐकू येतो, असं म्हणाल्याबरोबर सावनीनं तिच्यासाठी थेरपिस्ट शोधली होती.

चारुदत्तचा श्वास लांब यायचा आणि शेवटी नाकात बारीक शिट्टी वाजायची. जन्मभर सुनेत्रानं त्या शिट्टीवरून त्याला बोल लावले. तो गेला त्या दुपारी ती स्वयंपाकघरात बहिणीशी फोनवर बोलत होती, आणि बाहेर शिट्टी कधी थांबली ते तिला कळलंच नाही. तेव्हापासून तिचे कान त्या खुर्चीकडे लागलेले. आपण गेलो तर रिकाम्या घरात त्याचं कोण ऐकणार, ही एकच गोष्ट तिला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देत नव्हती.

जेवणं झाल्यावर थोकोझानीनं फोनला छोटा माइक जोडला. ट्रेनिंगमध्ये तिला एका घरावर कार्यक्रम करायचा होता. भाकरी थापताना, भांडी विसळताना तिनं सुनेत्राला बोलतं केलंच होतं.

“आता फक्त खोलीचा आवाज हवा, अमाई.”

“खोलीचा कसला आवाज?”

“कोणी बोलत नसतानाचा. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. बोलण्यातला एखादा शब्द कापला की तिथे भोक पडतं. ते त्याच खोलीच्या शांततेनं बुजवायचं. ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही.”

तिनं फोन टीपॉयवर ठेवला, आरामखुर्चीजवळ. स्वतःचा श्वास नको म्हणून ती मागच्या अंगणात गेली आणि काचेचं दार लावून घेतलं. सुनेत्रा समोरच्या सोफ्यावर बसली. काम बिघडायला नको म्हणून तिनंही श्वास रोखला. रोज सकाळी प्राणायाम करणारी बाई ती, अर्धा मिनिट तिला जड नव्हतं. फ्रिज घुरघुरत होता. लांब फ्रीवेचा आवाज होता. खुर्चीतून काही आलं नाही. आज नेमकं नाहीच, असं मनात येऊन तिला रडू फुटायच्या बेतात होतं.

थोकोझानीनं दार उघडल्यावर तिनं श्वास सोडला.

पाहुणीनं कानाला हेडफोन लावले आणि डोळे मिटून ऐकलं.

“छान आलंय. शेवटी फक्त तुमचा श्वास पडलाय. नाकात जराशी शिट्टी वाजते तुमच्या. हे पुसून परत करू या?”

तिचा अंगठा स्क्रीनवर गेला. सुनेत्रानं तिचं मनगट धरलं, जरा जोरातच.

“पुसू नकोस.”

थोकोझानीनं तिच्याकडे पाहिलं. मग रिकाम्या खुर्चीकडे, आणि कपाटाकडेही. हेडफोन काढून तिनं सुनेत्राच्या कानांवर ठेवले. फ्रिज. फ्रीवे. आणि मग, दार उघडल्याच्या आवाजाआधीच, तो श्वास, लांब, निवांत, शेवटी बारीक शिट्टी.

सुनेत्राचे डोळे भरून आले. तिनं ते पुसले नाहीत.

हातातल्या वायरची गुंडाळी करत थोकोझानी बोलली.

“चिसोमो म्हणून माझा सोबती होता स्टेशनवर. एकदा असाच खोलीचा आवाज घेताना त्यानं मध्येच हुश्श करून श्वास सोडला. मी रागावले, ते पुसलं, परत घेतलं. दुसऱ्या वेळी त्यानं शहाण्यासारखा श्वास रोखून धरला. पुढच्या आठवड्यात पुराची बातमी करायला गेला, तो गाडीसकट वाहून गेला. ते दुसरं रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे. फार सुंदर शांतता आहे त्यात.”

सुनेत्रानं तिचा हात हातात घेतला. श्वास कुणाचा, हे पाहुणीनं विचारलं नाही, आणि तिनंही सांगितलं नाही. निघण्यापूर्वी थोकोझानीनं ती फाइल तिच्या फोनवर पाठवली.

तिला न्यायला आलेली गाडी वळणावर दिसेनाशी झाल्यावर सुनेत्रानं आपणहून सावनीला फोन लावला.

“शनिवारी ये. सही करते मी.”



“शुअर ना आई? मग पॅकिंग? किती सामान नेणार आहेस?”

“एक बॅग पुरे. बाकीचं फोनमध्ये आहे.”

“फोटो ना? बरं, बॅकअप तेवढा घेऊन ठेव.”

“घेते,” सुनेत्रा म्हणाली, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्या आरामखुर्चीत जाऊन बसली.