तिसरी ओळ

काचेची नळी करंगळीत सैल बसत होती. कालपर्यंत घट्ट होती… बोट बारीक झालं, की कुणी नळीच बदलली? बदलणार कोण, घरात माणसं दोनच. बाटलीची मान कापून, कडा घासून त्यानं ती स्वतः केली होती, आणि टोकाजवळचा केसाएवढा चराही जागच्या जागी होता. म्हणजे नळी तीच. तरी त्यानं ती पुन्हा एकदा उजेडात धरून पाहिली, मग गिटारच्या तारेवर टेकवून घसरवली. तार कण्हत वर गेली आणि जिथं पोचायला हवं त्याच्या किंचित अलीकडे थांबली. ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्यांचं दुःखाचं गाणं, या अलीकडे थांबण्यातच आहे, असं तो मुलाखतींत सांगत असे. हे कुणाकडून आलं, असं विचारलं की म्हणे — जुन्या तबकड्या, वडिलांच्या वखारीतली करवत… माणसाचं नाव मात्र कधी घेत नसे.

गाणं आठवडाभर अडलं होतं. ब्लूजचं गाणं तसं साधं : पहिली ओळ, तीच पुन्हा, आणि मग तिला उत्तर देणारी तिसरी. ‘दार मी लावलं नव्हतं, तूच ओढून घेतलंस’ — ही दोनदा. पुढं उत्तर नाही. दुपारी स्टुडिओत ध्वनिमुद्रण, आणि उत्तराचा पत्ता नाही.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायकोचं गुणगुणणं ऐकू आलं. ती कपबशा विसळत होती. पहिली ओळ झाली, पुन्हा तीच झाली — ठीक, भिंतीपलीकडून रोज कानावर पडतेय — आणि मग, हात न थांबवता, तिसरीही झाली. शब्द नव्हते, नुसती चाल. शेवटच्या स्वरापाशी श्वास रोखून, जणू जावं की नाही असा विचार करून, हळूच खाली उतरलेली.

तो दारात जाऊन उभा राहिला.

“हे कुठं ऐकलंस?”

“काय?”

“आत्ता म्हणत होतीस ते.”

“तुझंच असेल. या घरात दुसरं वाजतं तरी काय?” तिनं पाणी बंद केलं, पदराला हात पुसले. “मला उशीर होतोय.”

उशीर झालेला नव्हता. घड्याळाकडं न बघताच म्हणाली ती. आणि ‘तुझंच असेल’ — ‘असेल’ कशाला? माणूस खात्रीनं सांगतो किंवा विषय टाळतो… तो रोखलेला श्वास मी ओळखतो. असा श्वास रोखणारा जगात एकच.

सगळे त्याला फुंक्या म्हणत, कारण एकदा माउथ ऑर्गन ओठांना लावला की तो नुसता फुंकत राही, बोलणं बंद. कित्येक वर्षं दोघं एकत्र वाजवत होते. शेवटी शेवटी फुंक्या बेसूर होऊ लागला, उशिरा शिरू लागला, आणि ‘अरे, ऐकतोस का?’ म्हटलं की नुसता हसे. दुसऱ्या कुणाशी जमलंय, म्हणून माझं मुद्दाम बिघडवतोय, हे यानं तेव्हाच ताडलं होतं. मग एक दिवस फुंक्या माउथ ऑर्गन उचलून गेला. त्याच्यावरच तर हे गाणं. आणि तो माझ्या घरात येतोय, बायकोला चाली शिकवतोय? की आणखी काही… पूर्वी हा तारा जुळवत बसला की फुंक्या स्वयंपाकघरात जाऊन बसायचा. तिला हसवायचा. तिथं एवढं हसण्यासारखं काय असायचं?

स्टुडिओकडं निघालेला तो वाटेतच वळला आणि तिच्या दवाखान्यात गेला. ती तिथं लोकांचे कान तपासत असे. त्याला बघून ती दचकली नाही, हेही त्याला खटकलं.

“आलाच आहेस तर बस आत,” ती म्हणाली. “वर्ष झालं तुझे कान बघून.”

आवाजबंद खोलीत तो कानांवर हेडफोन चढवून बसला. काचेपलीकडं ती. आवाज आला की बटण दाबायचं. एक बारीक स्वर आला, त्यानं दाबलं. मग आणखी बारीक. मग काहीच नाही… पण काहीच नाही कसं? तिचा हात हलला होता. त्यानं दाबलं. पुन्हा दाबलं.

तिनं दार उघडलं. “आवाज नसतानाही दाबतोयस.”

“तो इथं येतो?”

ती बाजूच्या स्टुलावर बसली.

“येतो. तू बसलायस तिथंच बसतो. डावा कान कधीच गेलाय त्याचा, तुमचं फाटलं त्याच्याही आधी. आता उजवा चाललाय. कुणाला सांगू नको म्हणाला होता. पेशंटचं मी बाहेर बोलत नाही. परवा म्हणाला, आता त्याला सांगितलंस तरी चालेल.”

“मला का नाही सांगितलं त्यानं? तेव्हाच?”

“तू विचारायचास, ऐकतोस का म्हणून. काय सांगणार होता तो?”

खोलीत कसलाच आवाज नव्हता. स्वतःचं रक्त कानात वाहताना ऐकू येत होतं.

“तपासणी झाली की तो इथं गुणगुणत बसतो,” ती म्हणाली. “स्वतःचं स्वतःला ऐकू येतंय का बघायला. महिनोन् महिने एकच. माझ्याही तोंडात बसलं असेल.”

महिनोन् महिने. आणि ही घरी भांडी घासताना, कपड्यांच्या घड्या करताना… आणि भिंतीपलीकडं मी. तिसरी ओळ त्याची, हे उघड होतं. पण पहिली? ती मला सुचली तो दिवस आठवतोय का? खिडकीशी बसलो होतो, हात आपोआप गेला होता, आणि मी स्वतःवर खूश झालो होतो. घरात आणखी कोण होतं, कोण काय गुणगुणत होतं…

“पहिली ओळसुद्धा—” त्यानं सुरुवात केली.

ती थांबली. सांगायला तयार होती. नुसतं विचारायचा अवकाश होता.

आयुष्यभर माझं कोण काय पळवतंय, यावर तो डोळ्यांत तेल घालून बसला होता. हा संशय नवा होता आणि उलट्या दिशेनं आला होता : या वेळी पळवणारा तो स्वतः होता. त्यानं जळायला हवं होतं. पण ती ‘हो’ म्हणाली तर बरं होईल, म्हणजे इतके महिने दोघं नकळत एकत्रच वाजवत होते, असं त्याला वाटू लागलं. इतकं, की ‘नाही’ ऐकायची भीती वाटली, आणि तो गप्प बसून राहिला.