फाट्यावरचा आडवा दगड

मी फाट्यावरचा दगड बोलतोय. हळू बोलतो, कारण घाई मला कधी जमली नाही. कुरखेड्याहून ब्रह्मपुरीकडं जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, सागाच्या सावलीत मी आडवा पडून असतो. वरून पानं गळतात, अंगावर जरा विसावतात आणि वाऱ्यासोबत निघून जातात. झोप कुठं संपते आणि जाग कुठं सुरू होते, ते मला कळत नाही.

आधी मी जमिनीच्या पोटात होतो. नुसता अंधार आणि झिरपणारं पाणी. ब्रह्मपुरीच्या बाबूभाई पाथरवटानं मला खाणीतून आणलं. छिन्नी चालवताना तो माझ्याशी बोलायचा, "सबर कर रे, थोडंच दुखंल." त्यानं माझ्या छातीवर अक्षरं कोरली, 'जखमी जवान मार्ग'. खाली नाव, देवाजी जांभुळकर.

लढाईत जखमी झालेल्या जवानांचं नाव रस्त्याच्या या तुकड्याला द्यायचं ठरलं होतं, आणि इकडचा तसा जवान एकच. एकाहत्तरच्या लढाईत देवाजीचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. पुढं या फाट्यावर त्यानं चहाची टपरी टाकली. कुबडी टेकवून तो बाकड्यावर बसायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारायचा. जंगलातल्या पाड्यावरची सोमारी म्हातारी बाजाराला जाताना त्याच्या हातावर मूठभर टेंभरं, तेंदूची पिकली फळं, ठेवायची.

मला इथं उभं केलं, तेव्हा नेमका देवाजी पुण्याला नवा पाय बसवून घ्यायला गेला होता. बायको सत्यशीलाही सोबत होती. टपरी बंद, बाकडं रिकामं, आणि शेजारी मी ताठ उभा. या जंगलात माणूस गेला की त्याच्या नावानं दगड उभा करतात. जिवंत माणसाचा उभा दगड कुणी पाहिलाच नव्हता. बाजाराला निघालेली माणसं थांबली. कुणीतरी नाव वाचून दाखवलं आणि सगळ्यांच्या माना खाली गेल्या. माझ्या पायाशी तांदूळ आले, मोहाची फुलं आली. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण दगडाला कुठला आवाज!

एका सकाळी बस थांबली. देवाजी दोन पायांवर उतरला. सोमारी माझ्यापुढं टेंभरं ठेवत होती.

"कोन गेलं व माय?" त्यानं विचारलं.

"देवाजी गेला, बाबू. चहावाला फौजी." तिनं डोळ्यांना पदर लावला. तिला तसं कमीच दिसायचं. "लय गोड बोले. चहा मातर पानचट."

सत्यशीलाला हसू आवरेना.

"माय, मीच देवाजी होय."

"चाल हट! त्याले एकच पाय होता."

त्यानं पँट वर केली. सोमारीनं वाकून तो पाय बोटानं वाजवून पाहिला. टकटक झालं. मग तिनं त्याचं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं. "काऊन रडवलं रे मले?"

बसमधली माणसं हसली. देवाजी हसला नाही. माझ्याकडं बघत तो सत्यशीलाला हळूच म्हणाला, "लढाईतबी मले मेलेल्यांच्या रांगेत झोपवलं होतं. बोटं हालली म्हनून उचललं. आता इथीबी त्याच रांगेत?"

त्यानं टपरी उघडली, पण जंगलातली माणसं दुरूनच जायची. ज्याच्या नावाचा दगड उभा आहे, त्याच्या हातचा चहा कसा प्यावा? देवाजी हाका मारायचा. मग त्यानं हाका मारणंही सोडलं.

रस्त्याचे साहेब आले, तेव्हा तो उठून म्हणाला, "साहेब, याले आडवा करा."

"अहो, हा तुमचा सन्मान आहे. नाव असं जमिनीवर कसं टाकायचं?"

"इकडं उभा दगड मेलेल्याचा असते, साहेब. मी जित्ता हाय. थकलेली मानसं माह्या नावावर टेकली, तं मले चालते."

साहेबांनी माझ्या पायाशी पडलेले तांदूळ बराच वेळ पाहिले. मग होकारार्थी मान हलवली.

पुन्हा बाबूभाई आला. "लेट जा भाई, बहुत खडा रहा," म्हणत त्यानं मला अलगद झोपवलं. त्या दिवशी मी पहिल्यांदा पाठ टेकून आभाळ पाहिलं. पण नावावर बसायला कुणी धजेना. मग देवाजीच बसला, नवा पाय लांब करून. बाजूला सत्यशीला बसली. सोमारीनं टोपली उतरवली, मला हात लावून पाहिला. "थंड हाय बा," म्हणाली आणि ऐसपैस बसली.

त्यालाही आता काही उन्हाळे झाले. बसणाऱ्यांच्या लुगड्या-धोतरांनी माझी अक्षरं गुळगुळीत होत चालली आहेत. रस्त्याचं ते लांब नाव कुणी घेत नाही. जीपवाल्याला सांगतात, "देवाजीपाशी उतरव." सोमारीची टेंभरं पुन्हा त्याच्या हातावर पडतात.

कधी इकडून गेलात तर माझ्यापुढं हात जोडू नका. डोक्यावरचं ओझं उतरवा, घडीभर बसा. देवाजी चहा देईल. पानचट असला तरी पिऊन जा. त्याच्या हातचा आहे.