कागदांच्या पिशवीचे हेलपाटे

मित्रांनो, दारामागच्या खुंटीवर लटकलेली ही निळी कापडी पिशवी दिसते ना, ती मीच. माझे बंद विरले आहेत आणि पोटात कागदच कागद आहेत. आजवर मी पुष्कळ ओझी वाहिली. पण कागदांइतके जड ओझे दुसरे नाही, हे मला म्हातारपणी कळले.

माझा जन्म आत्याच्या शिलाई मशीनवर झाला. आत्या पडदे शिवायची. एका हॉटेलच्या पडद्यांमधून उरलेले जाड कापड तिला टाकवेना. त्यातून तिने मला बेतले, दुहेरी शिवण घातली, आत चोरकप्पा दिला आणि जुन्या पँटची चेन लावली. "काय पक्की शिवण आहे! धोंडे भरले तरी उसवायची नाही," असे शेजारीण म्हणाली, तेव्हा मी फुगून कुप्पा झाले. पुढे वर्षानुवर्षे मी भाजी वाहिली, दोऱ्याची रिळे वाहिली, पावसात भिजले, उन्हात वाळले. सुखाचे दिवस होते ते. बटाटे कधी "उद्या या" म्हणत नाहीत.

मग आत्याची शिवण वाकडी जाऊ लागली. डाव्या हाताशी ठेवलेली कात्री ती घरभर शोधायची. दाराच्या चौकटीवर खांदा आपटायचा. तिची भाची तिच्याजवळच राहायची आणि एका छापखान्यात कामाला जायची. तिने आत्याला बळेच कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेले. तिथल्या वयस्कर डॉक्टरांना सगळे 'सावकाश डॉक्टर' म्हणत, कारण पेशंट कितीही घाईत असला तरी ते म्हणायचे, "सावकाश, सावकाश सांगा."

त्यांनी आत्याच्या डोळ्यांत बॅटरी मारून बराच वेळ पाहिले. "काचबिंदूची शंका आहे," ते म्हणाले. "यात नजर कडेकडेने जाते, आणि गेलेली परत येत नाही. मोठ्या हॉस्पिटलात दाखवा, मी चिठ्ठी देतो. तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन तिथंच झालं ना? तेव्हाच्या तपासण्या मागून घ्या, म्हणजे किती फरक पडला ते त्यांना कळेल."

चिठ्ठी माझ्या चोरकप्प्यात गेली आणि माझ्या नशिबी हेलपाटे आले.

हॉस्पिटलात डोळ्यांच्या विभागाबाहेर एक टेबल होते. तिथल्या बाई चिठ्ठी न उलगडताच म्हणाल्या, "जुनं रेकॉर्ड कुठंय? त्याशिवाय नंबर लागत नाही."

"ते तुमच्याकडेच आहे," भाची म्हणाली.

"आमच्याकडे नाही, रेकॉर्डरूमकडे. तळघरात."

तळघरात जाळीच्या खिडकीमागे एक गृहस्थ खुर्चीत रुतून बसले होते. "पेशंटच्या हातात रेकॉर्ड देत नाही," ते म्हणाले. "विभागातून मागणी आणा." आम्ही पुन्हा वर आलो. "नंबरच लागलेला नाही, तर मागणी कशी काढणार?" टेबलावरच्या बाई म्हणाल्या. आणि नंबर कधी लागणार? रेकॉर्ड आल्यावर!

मित्रांनो, मी कापडाची आहे, मला डोके नाही. पण ज्यांना आहे त्यांना तरी यातले काही कळले का?

त्यानंतर किती खेपा झाल्या, मला मोजता येत नाहीत. एकदा सिस्टीम बंद होती. एकदा खिडकीमागचे गृहस्थ रजेवर होते आणि किल्लीही त्यांच्याबरोबर रजेवर गेली होती. एकदा त्यांनी बसल्या बसल्याच हात हलवून सांगितले, "जुन्या फायली मागच्या इमारतीत गेल्या." मागच्या इमारतीत कळले, तिथे फायली कधी नव्हत्याच, तिथे कपडे धुतात. प्रत्येक खिडकीने मला नवा कागद दिला, जुना मात्र कोणी घेतला नाही. माझे पोट फुगत गेले. आणि दर वेळी भाची अर्ध्या दिवसाची रजा मागायची, तेव्हा छापखान्याचा मालक भुवया उंचावायचा.

एकदा टेबलावर बदलीच्या बाई होत्या. त्यांना दया आली आणि त्यांनी पुढची एक तारीख दिली. त्या तारखेला आम्ही पहाटेच उठून गेलो. आता तिथे पुन्हा पहिल्याच बाई होत्या.

"या चिठ्ठीची मुदत संपली. नवीन आणा."

"अहो, तारीख तुम्हीच दिलीत ना?" भाचीचा आवाज चढला.

"मी नाही दिली. सिस्टीमने दिली."

आत्या बाकावर मला मांडीवर घेऊन बसली होती. तिची बोटे माझ्या शिवणीवरून फिरत होती. "राहू दे गं," ती म्हणाली. "दिसतंय तेवढं पुरे." त्या आठवड्यात तिने पडद्यांचे काम घेणे बंद केले.

नव्या चिठ्ठीसाठी आम्ही सावकाश डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सगळे ऐकून घेतले. लिहायला पेन उचलले आणि परत खाली ठेवले. मग दाराला 'बंद'ची पाटी लावून ते आमच्याबरोबर निघाले.

तळघरातल्या खिडकीशी ते उभे राहिले.

"मागणी आणलीत?" गृहस्थांनी विचारले.

"मी डॉक्टर आहे. यांना मीच पाठवलंय."

"मग चिठ्ठी कुठंय?"

"मीच चिठ्ठी!" डॉक्टर असे ओरडले की सगळा बोळ वळून पाहू लागला. "वाचा मला! या बाईंची नजर जातेय. तुम्ही 'नाही' म्हणता, ते बघून म्हणता की बसून?"

गृहस्थ उठले. डॉक्टर चष्मा पुसत होते. तो पुसून होण्याआधीच गृहस्थ फाईल घेऊन परत आले. त्यांच्याच खुर्चीमागच्या कपाटात होती ती. "इथंच होती," ते हळूच म्हणाले. डॉक्टर ती फाईल घेऊन थेट वरच्या विभागात गेले.

त्याच दुपारी वरच्या डॉक्टरीणबाईंनी आत्याला तपासले. जुन्या आणि नव्या तपासण्या शेजारी ठेवून त्यांनी ताडून पाहिल्या. "थेंब रोज टाकायचे, एकही दिवस चुकवायचा नाही," त्या म्हणाल्या. "उरलेली नजर आपण राखू. काही महिने आधी आला असतात, तर अजून बरीच राखली असती."

बाहेर आल्यावर भाचीला रडू फुटले. आत्याने मला खांद्यावर अडकवले. "चल, सगळ्याची झेरॉक्स काढू," ती म्हणाली. "मूळ कागद त्यांचे असतील, डोळा माझा आहे."

आता आत्या लहानसहान शिवते. डावीकडचे काही हवे असले की आधी मान वळवते. मी या खुंटीवर असते, सगळ्या प्रती पोटात घेऊन.

मित्रांनो, दवाखान्यातून निघताना आपल्या कागदांची प्रत त्याच दिवशी मागून घ्या; लाजू नका. आणि तुमच्यापैकी कोणी मोठे होऊन अशा एखाद्या खिडकीमागे बसलेच, तर तोंडातून 'नाही' निघण्याआधी एकदा खुर्चीतून उठा आणि मागे वळून बघा. तुमचा क्षण जाईल. समोरच्याचे काय जात असते, ते तुम्हाला दिसत नाही.