मागच्या रांगेतली पाटी

मी पाटी बोलतेय. वाचनालयाच्या मोठ्या खोलीतली, मागच्या खांबावरची. अंगावर ‘कृपया शांतता राखा’ लिहिलेलं असताना मीच तोंड उघडावं हे शोभत नाही, कळतं मला. पण एका आईची झोप उडाली होती आणि तिनं आपली काळजी नेमकी माझ्याखाली उभी राहून ग्रंथपालबाईंना सांगितली. माझ्याखाली कुजबुजलेलं मला सगळं ऐकू येतं.

“घरात पोपटासारखी बोलते हो,” ती आपल्या चिमुरडीकडे बघत म्हणाली. “उंबरा ओलांडला की मुकी. शाळेतल्या बाई विचारतात, हिला बोलता येतं ना? काल रात्रभर डोळ्याला डोळा नाही लागला. उद्या कुणी ढकललं, लागलं, तर ही सांगणार कुणाला?”

ग्रंथपालबाई वाकल्या. “काय गं, कुठलं पुस्तक हवंय?”

“चित्रांचं,” आई म्हणाली.

“नाव काय तुझं?”

आईनं नावही सांगितलं. वर जोडलं, “बाहेर नाही बोलत ती.”

मुलगी माझ्याकडे बघत होती. मला तेव्हाच काहीतरी कळायला हवं होतं, पण मी पडले लाकडाची.

माझा जन्म भर चौकातला. ज्या पेंटरनं मला रंगवलं तो काम करताना मोठ्यांदा गायचा, मध्येच रस्त्यावरच्या रिक्षावाल्याला शिव्या द्यायचा आणि पुन्हा गायचा. त्या गोंगाटात माझ्यावर ‘शांतता’ उमटली. ‘शांतता’ ऐसपैस काढल्यामुळे ‘राखा’ला जागाच उरली नाही, ते कोपऱ्यात अंग चोरून बसलंय. म्हणूनच बहुधा लोकांना शांतता हवी असते, पण ती राखायची दुसऱ्यानं.

खांबावर आल्यापासून मी माणसं पाहत आले. माझ्याकडे बघून जे कुजबुजतात त्यांचं बोलणं साध्या बोलण्यापेक्षा लांब जातं. वर्तमानपत्राआड घोरणाऱ्यांना कुणी हटकत नाही, कारण घोरणं म्हणजे बोलणं नव्हे. तरी एकंदरीत माझा वचक होता. माझा नुसता चेहरा बघून माणसं खोकला गिळायची.

मग एके दिवशी दारावर कागद लागला : ‘नाट्य, गायन, नृत्य. फक्त प्रौढांसाठी. मोफत.’ शेवटच्या शब्दानं गर्दी खेचली. नाटकाच्या वर्गाला पहिल्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या. नाटक म्हणजे काय हे कुणी विचारलं नाही. प्रमाणपत्र मिळणार का आणि चहा असतो का, हे दोन्ही विचारून झालं. दोन्हींचं उत्तर ‘नाही’ आलं आणि पुढच्या वेळी खुर्च्या उरल्या.

उरलेल्यांत ही आई होती. तिनं आमच्याच कपाटातून बालसंगोपनाची दोन पुस्तकं नेली होती. एक म्हणत होतं, मुलाला घाई करू नका; दुसरं म्हणत होतं, एक दिवसही दवडू नका. ती दोन्हींप्रमाणे वागून बघत होती. सासूबाईंनी मात्र पुस्तकाशिवाय निकाल दिला होता : “आईवर गेलीय. तू तरी चारचौघांत कधी तोंड उघडलंस?” म्हणून ती आधी स्वतः बोलायला शिकायला आली होती.

लेकीला ठेवणार कुठं? वर्ग प्रौढांचा. ग्रंथपालबाईंनी तोड काढली. मुलीच्या हातात पुस्तक दिलं, माझ्याखालच्या स्टुलावर बसवलं आणि म्हणाल्या, “ही वर्गाला आलेली नाही. ही वाचक आहे.” वाचकानं पुस्तक उलटं धरलं होतं. पण वाचनालयाच्या नियमांत पुस्तक कसं धरावं हे कुठं लिहिलंय?

पहिला खरा वर्ग फसला तो माझ्यामुळे. नाटकाचे सर म्हणाले, “रागवा. मनसोक्त ओरडा.” सगळ्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि कुजबुजत ओरडायला लागले. दातांचे एक डॉक्टर होते. उभा जन्म लोकांना ‘तोंड उघडा’ म्हणण्यात गेलेला. स्वतःचं काही उघडेना. सरांनी कपाळाला हात लावला. “अहो, मागच्या रांगेपर्यंत आवाज गेला पाहिजे.” हे ते इतक्यांदा म्हणायचे की लोक त्यांना पाठीमागे ‘मागची रांग’ म्हणू लागले.

मग समितीची बैठक बसली. मला काढावं, तर नियम मोडतो. ठेवावं, तर नाटक मोडतं. बराच खल होऊन ठरलं की वर्ग सुरू झाला की मला खांबाकडे तोंड करून फिरवायचं, संपला की सरळ करायचं. तेव्हापासून ही रीत पडली. माझी पाठ दिसली की माणसं गळा मोकळा करायची. माझं तोंड दिसलं की तीच माणसं ‘बरं, येतो’सुद्धा नुसत्या ओठांनी म्हणायची. स्टुलावरची वाचक हे सारं टक लावून बघत असायची.

आईला एकच वाक्य मिळालं, पण दोनदा म्हणायचं : “अहो, दार उघडा. मला सगळं माहीत आहे.” जिला डब्यात पोळी द्यावी की भात हेही धड ठरवता येत नव्हतं, तिच्या वाट्याला हे वाक्य. घरी ती फ्रिजसमोर उभी राहून ते म्हणायची. फ्रिज उघडायचा, पण तो तिलाच उघडावा लागायचा. सर मात्र हात कानाशी नेऊन म्हणायचे, “बाई, मागची रांग.”

प्रयोगाच्या दिवशी खोली भरली. ग्रंथपालबाई मला फिरवायला आल्या, तेवढ्यात समितीचे अध्यक्ष म्हणाले, “राहू द्या तशीच. पाहुणे आलेत. इथं काही शिस्त नाही असं वाटायचं.”

“साहेब, पण नाटक विनोदी आहे.”

“असू द्या. शिस्तीत हसतील.”

ते कसलं शिस्तीत हसतात. प्रेक्षक सगळे आमचेच जुने वाचक. डॉक्टरांच्या पहिल्या विनोदावर एक जण चुकून हसला, तर शेजारच्यानं त्याला गप्प केलं. दुसऱ्या विनोदावर कुणीतरी वर्तमानपत्र काढलं. टाळीसाठी हात उचलले की माना मागं माझ्याकडे वळायच्या आणि हात मांडीवर परतायचे. नटांचे आवाज विझत चालले. मी आयुष्यभर मागितलेली शांतता मला एकरकमी मिळाली, आणि पहिल्यांदाच ती अंगावर आली.

आई रंगमंचावर आली. तिनं दार वाजवलं, समोर पाहिलं आणि तिला मी दिसले. तिचे ओठ हलले. वाक्य तिच्या ओढणीपर्यंत पोचलं असेल, पुढं नाही. विंगेत सर कानाशी हात नेऊन जवळजवळ रडत होते.

तेव्हा स्टूल करकरलं. चिमुरडी स्टुलावर उभी राहिली, दोन्ही हातांनी मला धरलं आणि फिरवलं.

पुढचं मी पाहिलेलं नाही. माझं नाक खांबाला होतं. मी फक्त ऐकलं.

“अहो, दार उघडा! मला सगळं माहीत आहे!”

खांबाचा चुना माझ्या अंगावर पडला. दाराआडच्या डॉक्टरांना आईचा हा आवाज इतका नवा होता की ते आपलं वाक्य विसरले आणि सवयीनं म्हणाले, “हं, तोंड उघडा.” मग मात्र खोली फुटली. घोरणारेसुद्धा जागे होऊन हसले.

त्या हशातच पहिल्या रांगेतली खुर्ची सरकली. जड बूट मागं येत माझ्याशी थांबले. अध्यक्ष. हसू ओसरलं.

“बाळ, ही पाटी कुणी फिरवली? तू? कुणी सांगितलं तुला?”

“ती नाही हो बोलत...” रंगमंचावरून आईचा आवाज आला आणि मध्येच तुटला. जीभ चावली असावी तिनं. इतके दिवस या लेकीला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तिनंच दिलं होतं. तेवढं एक तिनं दिलं नाही. सगळी खोली वाट बघत राहिली.

हल्ली मला एकाच खिळ्यावर टांगतात, बोटानं फिरवता यावं म्हणून. सारखं फिरून कड झिजलीय. ‘राखा’ तर जवळजवळ पुसलंच. नवी पाटी करायचं घाटतंय, खुशाल करा. जायच्या आधी एकच मागणं आहे. घरात एखादी पाटी टांगून ठेवा. मुलांसाठी नको. तुमच्या मुलाला कुणी काही विचारलं आणि उत्तर तुमच्या ओठांवर आलं, की तेवढ्यापुरतं त्या पाटीकडे बघा.

त्या आईनं त्या दिवशी बघितलं होतं, मी पाठमोरी असूनही. म्हणून तर पुढचे शब्द त्या खोलीला ऐकू आले. मुलीनं अध्यक्षांना उत्तर दिलं नाहीच. ती स्टुलावरूनच, मागच्या रांगेतून पुढच्या रांगेपर्यंत पोचेल इतक्या खणखणीत आवाजात म्हणाली,

“शू. माझी आई बोलतेय.”