मुखवटा बाहेरच काढायचा

मी भूल देणारी डॉक्टर आहे. माणसांना बेशुद्ध करायचं आणि पुन्हा शुद्धीवर आणायचं, हा माझा रोजचा धंदा. त्यामुळे कुणी मला भुताखेतांचं सांगायला लागलं की मी आधी त्याला बीपीची गोळी घेतली का ते विचारते. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुम्ही मलाही तेच विचाराल.

गेलं वर्ष आम्हाला वाईट गेलं. इथे आयर्लंडमध्ये सिटीवेस्टच्या ऑफिसातून माणसं कमी केली त्यात माझ्या नवऱ्याचं, गौरवचं, नाव आलं. उन्हाळ्यात आमची तन्वी झोपाळ्यावरून पडली आणि कोपराचं ऑपरेशन दोनदा करावं लागलं. पुण्यात माझे बाबा गेले तेव्हा इथे वादळ होतं, विमानं बंद. बाबांना मी मोबाइलवर निरोप दिला. दिवाळीनंतर सासूबाई नागपूरहून मदतीला आल्या. त्यांच्या मते हे सगळं माझ्या स्वयंपाकघरात देवाचं तोंड चुकीच्या दिशेला असल्यामुळे झालं होतं. आमचं फार जमायचं असं नाही. त्या भांडी पुन्हा घासायच्या, मी बघितलं न बघितल्यासारखं करायची.

शेजारी कियोको-सान राहतात. मूळच्या जपानच्या, नवरा आयरिश होता. तो गेल्यापासून एकट्याच. फेब्रुवारीच्या सुरुवातीला त्या कुंपणावरून मला म्हणाल्या, "तुमच्या घरात कुणीतरी ठाण मांडून बसलंय, डॉक्टर. उद्या सेत्सुबुन आहे. हाकलून द्या की."

सेत्सुबुन म्हणजे हिवाळा संपून वसंत लागायच्या आधीचा दिवस. इथे आयर्लंडमध्येही नेमका तेव्हाच वसंत सुरू झाला असं म्हणतात आणि वर गारा पडतात. तर त्या दिवशी जपानी घरांत बाप ओनी होतो. ओनी म्हणजे शिंगं आणि सुळे असलेला राक्षस, घरातली सगळी इडापीडा. पोरंबाळं त्याला भाजलेले सोयाबीनचे दाणे मारतात. "ओनी वा सोतो, फुकु वा उची!" ओनी बाहेर, भाग्य आत. मग ज्याचं जितकं वय तितके दाणे त्यानं खायचे.

"दाणे भाजलेलेच घ्या," त्या म्हणाल्या. "कच्चा दाणा बागेत रुजला तर पीडाही रुजते म्हणतात. आणि एक. हे सगळीकडे करत नसतील, पण माझ्या आजीच्या घरी होतं. ओनी झालेल्यानं घरापासून लांब जायचं, मुखवटा काढून तिथेच टाकायचा आणि उघड्या तोंडानं परत यायचं. मुखवटा घातलेल्याला आत घ्यायचं नाही."

"का?"

"आत कोण आलं ते कसं कळणार?" असं म्हणून त्या हसल्या. मीही हसले.

तन्वीनं कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याचा मुखवटा केला. लाल रंग, टॉयलेट रोलची शिंगं, डोळ्यांना भोकं. दुसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर गौरवनं तो चढवला आणि डरकाळ्या फोडत सगळ्या घरातून फिरला. तन्वी किंचाळत होती, "गेट आउट, यू बिग एजिट!" आणि मूठ मूठ दाणे मारत होती. एजिट म्हणजे इथल्या बोलीत मूर्ख. मीही मारले. बाबांच्या नावानं एक मूठ तर अशी मारली की गौरव खरंच कळवळला. खूप दिवसांनी घरात हसण्याचा आवाज होता.

सासूबाई मात्र तोंड वाकडं करून बसल्या होत्या. "काय करून राहिल्या गं तुम्ही? घरच्या माणसाला असं दाणे मारून हाकलतात का? तिन्हीसांजेला?"

"आई, गंमत आहे हो," मी म्हटलं.

"असली कसली गंमत, बाप्पा."

गौरव बाहेर पडला, उतारावरून समुद्राकडे निघून गेला. आम्ही दार लावलं, उंबरठ्यावर दाण्यांची ओळ टाकली. बाहेर भुरभुर पाऊस लागला होता.

मी स्वयंपाकघरात वाटीत दाणे काढत होते, तेवढ्यात बेल वाजली. मला वाटलं, हा इतक्या लवकर कसा आला. "आई, मुखवटा काढलाय का बघा आधी!" मी ओरडले. पण दार उघडल्याचा आवाज झालाच होता.

"आत येऊन काढेल ना!" सासूबाई म्हणाल्या. "लेकरू गारठून राहिलं तिकडे. ये रे राजा, आत ये. ये."

मी बाहेर येऊन बघितलं तर लेकरानं मुखवटा काढून चपलांच्या कपाटावर ठेवला होता. गौरवच होता. केस विस्कटलेले, अंगात तेच निळं जाकीट. मी म्हटलं, "भिजला नाहीस तू?" तो मंद हसला आणि टेबलाशी जाऊन बसला.

तन्वीनं स्वतःचे सात दाणे मोजून खाल्ले. गौरवनं मूठ भरली आणि तोंडात टाकली. मग आणखी एक मूठ. तन्वी खुदखुदली, "डॅडी, दॅट्स टू मेनी! यू आर नॉट दॅट ओल्ड!" तो खातच होता. सावकाश, नीट चावून, वाटीकडे न बघता. सासूबाईंनी कौतुकानं वाटी पुन्हा भरली. तीही संपली. कितीही म्हटलं तरी कुठल्या माणसाचं इतकं वय नसतं, असं माझ्या मनात आलं आणि मी तो विचार झटकला. नोकरी गेल्यापासून तो असाच घुम्या झाला होता, एवढं कारण मला पुरेसं होतं.

माझा फोन वाजला. स्क्रीनवर गौरवचं नाव होतं. त्याचा फोन घरात राहिला असेल आणि तन्वीनं चुकून दाबला असेल, असं समजून मी माझा फोन घेऊन पॅसेजमध्ये आले.

"अगं, मी पिअरवर आहे," गौरव म्हणाला. मागे लाटांचा आवाज होता. "मुखवटा बिनमध्ये टाकला. एक माणूस तिथे मासे धरत बसलाय, त्याला वाटलं मला वेड लागलं. एकदम क्रेझी दिसत असणार मी. घरी काही हवंय का?"

 समोर कपाटावर मुखवटा होता. तसाच लाल, तशीच शिंगं. मी तो उचलला. पुठ्ठा नव्हता. आतल्या बाजूनं तो ओलसर होता आणि कोमट, नुकत्याच काढलेल्या हातमोज्यासारखा. मी रोज माणसांच्या कातडीला हात लावते. मला कळलं ते काय आहे. तो माझ्या हातातून खाली पडला.

पाठीमागे चावण्याचा आवाज आला. टेबलावरून उठून तो पॅसेजमध्ये उकिडवा बसला होता आणि आम्ही त्याला मारलेले दाणे जमिनीवरून वेचून खात होता. कोपऱ्यातले, गालिच्याखालचे, शेवटी उंबरठ्यावरच्या ओळीतले. एकही ठेवला नाही. मग उठला, खुंटीवरचा तन्वीचा पिवळा कोट काढला आणि त्याच्या मागोमाग आलेल्या तिच्यापुढे धरला.

"चल," तो म्हणाला. आवाज गौरवचा होता. "समुद्र बघायला जाऊ."

तन्वीनं एक हात बाहीत घातला. ती सात वर्षांची आहे, बापानं कोट धरला की हात घालते. मला धावून तिला ओढायचं होतं आणि माझे पाय हलत नव्हते. मी, जी धडधड थांबलेल्या माणसाच्या छातीवर चढून बसते, ती तिथे खांबासारखी उभी होते. एवढंच कळत होतं की तो तिला घेऊन गेला तर ती परत यायची नाही.

फोन अजून चालू होता. "हॅलो? चित्रा? आईला सांग, येताना दूध आणतो."

सासूबाई माझ्या मागेच उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं. फोनकडे बघितलं, मग कोट धरलेल्या माणसाकडे बघितलं.  मी फोन बंद केला. का केला, ते मला आजही सांगता येणार नाही.

त्या पुढे झाल्या. तन्वीचा हात बाहीतून काढला, कोट खुंटीवर लावला आणि तिला माझ्याकडे ढकललं.

"तिला कशाला नेतो रे या थंडीत?" त्या त्याला म्हणाल्या. एरवी गौरवशी बोलतात तशाच, थोड्या दटावून. "मी येते ना. मीच तर बोलावलं तुला."

तो त्यांच्याकडे बघत राहिला.  मग त्यानं हात पुढे केला.

"आई, नको," मी कसंबसं म्हटलं.

"मी बोलावलेला पाहुणा आहे, चित्रा. पोचवायला मीच जायला पाहिजे." त्यांनी शाल डोक्यावरून घेतली. घरातल्या सपाता तशाच पायात. "आम्हाला हाक मारू नको. गौरवलाही मारू देऊ नको. पुन्हा 'ये' म्हणायचं नाही. कळलं?"

मी मान हलवली. आणि खोटं कशाला बोलू, तन्वी माझ्या मिठीत होती आणि मला बरं वाटलं. आयुष्यात इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. ही बाई माझ्या डोळ्यांदेखत कुणाचा तरी हात धरून चालली होती आणि मी मनातून तिचे पाय धरत होते, तिला थांबवत मात्र नव्हते.

दाराबाहेर पाऊल टाकल्यावर त्या वळल्या.

"जाते मी," त्या म्हणाल्या.

आपल्याकडे असं कुणी म्हणत नाही. शेजारी साखर मागायला जाणारी बाईसुद्धा म्हणत नाही. माझ्या जिभेवर उत्तर आलं होतं, लहानपणापासून दारात उभं राहून दिलेलं तेच उत्तर. मी ते गिळलं आणि दार लावून घेतलं.

"व्हेअर इज आजी गोइंग?" तन्वीनं विचारलं. मी तिला टीव्ही लावून दिला.

गौरव आला तेव्हा चिंब भिजला होता, हातात दुधाचा कॅन. मी दारातच त्याचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. तो हसला आणि मग त्याचं हसू गेलं.

"आई कुठे चाललीय गं? आत्ता दिसली उतारावर. मी पलीकडच्या फुटपाथवर होतो, तिनं पाहिलंच नाही. पायात सपाता. एकटीच. आणि हात असा बाजूला धरलेला, कुणाचं तरी बोट धरावं तसा." त्यानं करून दाखवलं. "मला वाटलं तुम्ही दोघी मागून येताय. तू तिला एकटी सोडलीस? चित्रा, काय झालंय?"

मी सांगायला लागले. मुखवटा, दाणे, तन्वीचा कोट. मला माहीत होतं ते कसं ऐकू येतंय. त्यानं माझ्याकडे बघितलं, मी माझ्या पेशंटांच्या नातेवाइकांकडे बघते तसं. मग कॅन खाली ठेवून तो दार उघडून उभा राहिला.

आमचा रस्ता सरळ समुद्राकडे उतरतो. तळाशी, शेवटच्या दिव्याखाली, शाल अजून दिसत होती. ती हळूहळू चालली होती. हाकेच्या अंतरावर.

"आई!" म्हणायला गौरवनं छाती भरून श्वास घेतला आणि मी मागून त्याच्या तोंडावर हात दाबला. तो माझ्यापेक्षा दांडगा आहे. त्यानं मला दाराच्या चौकटीवर आपटलं, माझी बोटं ओढून काढू पाहिली, तळव्याला कडकडून चावा घेतला. मी सोडलं नाही. शाल दिव्याच्या उजेडातून बाहेर जाईपर्यंत आईची हाक मी त्याच्या तोंडात कोंडून धरली, आणि तो माझ्या हाताखाली लहान मुलासारखा हुंदके देत होता.