एका फेरीला एक वीत

आईने गाडीची किल्ली फ्रिजवर ठेवली आणि म्हणाली, "जा, गाडी रिकामी करून ये. माझी उशी, छत्री, डिकीतलं सगळं. पाच वाजता सेंटरवर जाऊन त्यांची डबी परत देते. संपलं."

किल्ली फ्रिजवर म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलं. एरवी ती आईच्या गळ्यात असते, दोरीला बांधून. झोपतानासुद्धा.

"आणि मग?" मी विचारलं.

"मग काय, घरी बसते. एक आंधळा होताच घरात, आता जोडी जमली."

बाबा खिडकीशी बसले होते. त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं. नजर गेल्यापासून ते कानांनाही हवी तेव्हा सुट्टी देतात.

बाबा आधी ट्रक चालवायचे. मग त्यांना मधोमध दिसेनासं झालं, कडेकडेचं तेवढं दिसतं. लायसन्स गेलं. मग त्यांनी आईला गाडी शिकवली, चाळिशीत. गाडी आमची, काम डायलिसिस सेंटरचं. पेशंटना घरून आणायचं, सुया काढून झाल्या की घरी सोडायचं. आमचं घर त्यावरच चालतं. मी काही कमवत नाही. शाळेने मला सोडलं की मी शाळेला, यावर घरात अजून एकमत नाही. मी गणितात कच्ची नव्हते. गणिताचे सर कच्चे होते, आणि हे मी त्यांना वर्गात सगळ्यांसमोर सांगितलं. असो.

सेंटरने सगळ्या गाड्यांत एक काळी डबी बसवलीय. गाडी किती वेगात जातेय ते ती ऑफिसात सांगते. बाहेरच्या मोठ्या रस्त्यावर साठच्या वर गेलं की आईच्या फोनवर टिंग, आणि तिच्या नावावर तक्रार. तीन तक्रारी झाल्या की बोलावणं येतं.

आता माझी आई कशी चालवते ते सांगते. बाबांनी तिला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, "पाय खोटं बोलतो, कान खोटं बोलतो, काटा नाही. काट्यावर विश्वास ठेव." तिने तो शब्द असा धरून ठेवला की विचारू नका. काटा साठवर आला की तिचा पाय दगडाचा होतो. मागचे हॉर्न मारून मारून थकतात, बाजूने जाताना काच खाली करून काय काय बोलतात. ही आपली मुंगी. आणि या मुंगीच्या नावावर तक्रार, सहासष्टची!

पहिल्यांदा ती हसली होती. "डबीला ताप आलाय," म्हणाली. मग तिने काटा पंचावन्नवर आणला. तरी टिंग, दुसरी तक्रार. एकसष्ट.

"मला पंचावन्न दिसतं," ती बाबांना हळूच म्हणाली, "आणि ते म्हणतात एकसष्ट. अहो, तुम्हाला सुरुवातीला असंच व्हायचं का? आकडे असे सरकल्यासारखे?"

बाबांनी तोंड खिडकीकडे वळवलं. मग म्हणाले, "हो."

तेव्हापासून ती एक डोळा झाकून भिंतीवरचं घड्याळ वाचते. मग दुसरा झाकून. भाजी चिरता चिरता थांबते आणि वाचते. मी ओरडले की डॉक्टरकडे चल, तर म्हणाली, "बाबांना डॉक्टरनेच सांगितलं ना? सांगेपर्यंत चालवत होते, सांगितल्यावर संपलं." मी दार आपटलं.

तिसरी तक्रार वेगाची नव्हती. ती सर्वांत वाईट.

एक आजोबा आहेत, आम्ही त्यांना सावकाश आजोबा म्हणतो. गाडीत बसल्यापासून उतरेपर्यंत एकच मंत्र: "सावकाश गं पोरी, मला कुठे लग्नाला जायचंय?" त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी एकदम काटकोनी वळण आहे. आईने स्टेअरिंग पूर्ण फिरवलं, मागे आजोबा, त्यांची सून आणि अजून एक पेशंट, आणि गाडीने असा गचका दिला की आजोबांचा सुई काढलेला हात दारावर आपटला. पट्टी लाल झाली. सुनेने सेंटरला फोन करून तक्रार केली. आणि ते बरोबरच होतं.

त्या दिवशी घरी येऊन आई हात पसरून बसली, तळवे वर करून. "थरथरतात बघ. वळताना स्टेअरिंग माझ्या हातात थरथरतं. डोळे गेले, आता हातपण."

मला तिचे हात थरथरताना दिसत नव्हते. पण तिला दिसत होते, त्याला मी काय करणार?

तर मी खाली गेले. पार्किंगमध्ये गाडी उभी होती, धुतलेली. परत करायची म्हणून नाही, ती रोजच धुते. मी चाकाला एक लाथ घातली. मग अजून एक. पायाला लागलं, गाडीला काही नाही. डिकी उघडली. उशी काढली, छत्री काढली, पेशंटना उलटी आली तर लागणाऱ्या पिशव्या काढल्या. खाली झाडावं म्हणून स्टेपनी, म्हणजे जादा चाक, उचलून काढली आणि मागच्या चाकाला टेकवून ठेवली.

झाडू हातात तसाच राहिला.

स्टेपनी बुटकी होती. बसवलेल्या चाकाच्या शेजारी मोठ्या भावाशेजारी धाकटा उभा करावा तशी. मी बोटं लावून बघितली. तीन बोटं कमी.

मी वर पळत गेले. "बाबा, चाकं कधी बदलली?"

"उन्हाळ्यात. का?"

"मोठी बसवलीत?"

"जरा मोठी." त्यांचा चेहरा उजळला. त्यांना या गोष्टीचा अभिमान होता. "प्रत्येक गतिरोधकाला गाडीचं पोट घासायचं. मागे पेशंट बसलेले, घासलं की कळवळायचे. तुझी आई रोज सांगायची. माझ्या मित्राने त्याची मोठी गाडी मोडीत काढली, तिची चाकं घेतली, रिंगसकट. आपली त्याला दिली. बोल्टची भोकं जुळली. भोकं जुळली म्हणजे पत्रिका जुळली! तेव्हापासून पोट घासलं का एकदा तरी?"

"आणि बसतात की नाही ते कसं बघितलंत?"

"बोटांनी. मला डोळ्यांनी कुठे दिसतं? जॅकवर गाडी होती, चाक फिरवलं, वर हात घातला, चांगली चार बोटं जागा—"

ते थांबले. तोंड उघडंच.

जॅकवर गाडी म्हणजे चाक खाली लोंबकळतं. जागा असणारच. गाडी जमिनीवर टेकली, मागे तीन माणसं बसली, स्टेअरिंग पूर्ण फिरवलं की ती चार बोटं कुठे जातात, हे ट्रक चालवलेल्या माणसाला मी सांगायची गरज नव्हती.

"घासतंय," ते म्हणाले. "वळताना चाक आतून घासतंय. तिचे हात नाहीत ते."

"आणि काटा?"

ते उठले. खुर्चीला धडकले. "काटा चाकाच्या फेऱ्या मोजतो," त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "रस्ता नाही मोजत. फक्त फेऱ्या."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. कधीपासून, माहीत नाही.

आम्ही तिघं खाली आलो. मी खडूने स्टेपनीवर रेघ मारली, जमिनीवर रेघ मारली आणि एक पूर्ण फेरी लोटत नेली. तिथे खूण केली. मग त्याच रेघेपासून गाडी ढकलली, एक फेरी. मोठ्या चाकाची खूण पुढे गेली. आई खाली वाकली आणि दोन खुणांमध्ये हाताची वीत टेकवली. बरोब्बर बसली.

"प्रत्येक फेरीला एवढं?" तिने विचारलं.

"प्रत्येक फेरीला," बाबा म्हणाले. "तुला साठ दिसायचं, गाडी सहासष्टने जायची. तुझे डोळे बरोबर वाचत होते गं."

मला वाटलं आता ती त्यांना धुणार. मी असते तर स्टेपनी डोक्यात घातली असती. ती तशीच वाकलेली राहिली, वीत पसरलेली. मग म्हणाली, "मी तुम्हाला विचारलं होतं, आकडे सरकतात का. तुम्ही हो म्हणालात."

"मला वाटलं तुलाही..." बाबा म्हणाले.

पाचला आम्ही सेंटरवर. तिथल्या सुपरवायझरला मी शिट्टी म्हणते, कारण त्याचं नाक वाजतं. मी जाताना सगळं पाठ केलं होतं. वाटेत फोनवर वेग लावून बसले: आईचा काटा साठ, फोन सहासष्ट, फोटो काढला. शिट्टीसमोर मी अशी बोलले की शाळेत बोलले असते तर पहिली आले असते. त्याने एकदाही मध्ये तोडलं नाही. उलट खाली आला. बाबांना, मला आणि वॉचमनला मागे बसवलं, आईला स्टेअरिंग पूर्ण फिरवून गाडी हळू पुढे घ्यायला सांगितलं. खर्रर्र. पुढच्या चाकाच्या वर, आतल्या बाजूला, त्याने हात घातला. बोटं काळी होऊन बाहेर आली. तिथलं प्लास्टिक घासून चकचकीत झालं होतं.

"ताई," तो म्हणाला, "तुमचं काहीच चुकलेलं नाही."

मी ओरडणारच होते आनंदाने.

त्याने रुमालाने बोटं पुसली, एकेक करून. "खरं सांगू? आज मी तुम्हाला फक्त समज देणार होतो. आजोबांचाच फोन आला होता, पोरीला काढू नका म्हणून. मी तुम्हाला ठेवणार होतो."

"मग ठेवा की!" मी म्हणाले.

"आता कसं ठेवू? आत्तापर्यंत प्रश्न चालवणाऱ्याचा होता. समज देऊन सुटला असता. आता प्रश्न गाडीचा आहे. उन्हाळ्यापासून मी या गाडीत पेशंट बसवतोय, आणि गाडी वळताना अडकते हे आता मला माहीत आहे. माहीत असून गप्प बसू?"

"जुनी चाकं आम्ही उद्या आणतो!" मी ओरडले.

"कुठून? तुम्हीच म्हणालात, देऊन टाकली. आणि उद्या आणलीत तरी झालेलं पुसतं का? त्या हातातून रक्त आलंय."

"चाकं मी बसवली," बाबा म्हणाले. ते त्याच्याकडे बघत नव्हते, त्याच्या बाजूला बघत होते, कारण तसंच त्यांना दिसतं. "साहेब, काय करायचं ते मला करा."

"काका, गाडी ताईंच्या नावावर आहे. काम ताईंच्या नावावर आहे."

मी त्याला काहीतरी बोलले. इथे लिहिण्यासारखं नाही. त्याचं नाक वाजत राहिलं. सर्वांत राग याचा आला की तो चूक नव्हता. आणि हे सगळं त्याला हातात आणून दिलं कोणी? मी, खडू घेऊन. मी गप्प गाडी झाडली असती तर आई उद्या कामावर असती. आणि पुढच्या आठवड्यात गाडी कुठल्यातरी वळणावर अडकली असती, आतमध्ये कोण असतं देव जाणे. दोन्ही बाजूंनी विचार केला, दोन्ही बाजूंना भिंतच.

आईने ओळखपत्र दिलं. डबी तिने स्वतः काढली, वायरी नीट गुंडाळून दिली. "येते," म्हणाली, जशी रोज म्हणते.

गाडीत बसून ती लगेच निघाली नाही. समोर रस्त्यापलीकडे औषधाच्या दुकानाची पाटी होती. तिने एक डोळा झाकला आणि पाटी वाचली, खालची बारीक अक्षरंसुद्धा. मग दुसरा झाकून वाचली. मग दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून बघत बसली, ते थरथरतात का म्हणून.

बाबा पुढे बसले होते. मी मागे, शिट्टीला दाखवायला आणलेल्या स्टेपनीला मिठी मारून, कारण कुणालाच ती परत डिकीत टाकायचं सुचलं नव्हतं.

"काय गं, काटा कितीवर आहे?" वाटेत बाबांनी सवयीने विचारलं.

"मला नका विचारू," आई म्हणाली. "तुमच्या काट्याला विचारा."

आमच्या गल्लीचं वळण आलं. तिने स्टेअरिंग फिरवलं, स्टेपनीसकट मी एका बाजूला कलंडले, आणि चाकाखालून आवाज आला. खर्रर्र.

"ऐकलंत?" आई म्हणाली. तिचा आवाज फाटला होता, हसताना फाटतो तसा की रडताना, मला मागून कळलं नाही. "ती मी नाही. ऐका नीट. ती मी नाहीये."

बाबा म्हणाले, "हो गं."

तिने गाडी पार्किंगमध्ये लावली, खडूच्या रेघांवरच. किल्ली काढली आणि हातात धरून बसली. दोरी तशीच खाली लोंबत होती. गळ्यात घालायची की फ्रिजवर ठेवायची, ते तिचं ठरेना. आम्ही दोघंही खाली उतरलो नाही.